अनावश्यक फेरी

पंचफुला आत्रामचा जीव गेला तेव्हा तिच्या छातीवरची श्वासपट्टी हिरवी होती.

हिरवी म्हणजे ठीक. पिपरडोह शहरात हे आता शाळकरी पोरांनाही माहीत होतं. गळ्याच्या हाडाखाली चिकटवलेली, टिकल्यांच्या पाकिटाएवढी ती पट्टी माणसाचे श्वास मोजायची, बरगड्यांमधली कातडी किती आत ओढली जाते ते पाहायची, छातीतली घरघर ऐकायची, आणि या सगळ्यावरून एकच आकडा काढायची: या माणसाचे श्वासाचे स्नायू थकून हात टेकायला किती मिनिटं उरली आहेत. त्या आकड्याला 'श्वासावधी' म्हणत. अवधी चाळीस मिनिटांच्या खाली आला की पट्टी पिवळी, वीसच्या खाली आला की लाल. लाल झाली की कोणी फोन करो न करो, शहरातल्या अकरा रुग्णवाहिकांपैकी सगळ्यात जवळची आपोआप निघायची. या व्यवस्थेचं नाव श्वासवेध. ती आल्यापासून तीन वर्षांत दम कोंडून मरणाऱ्यांची शहरातली संख्या निम्म्यावर आली होती.

विशाखा ताकसांडे रुग्णवाहिकेवर सोळा वर्षं होती. तिची गाडी राखटेकडीच्या नाक्यावर उभी असायची. राखटेकडी म्हणजे वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याकाठी वसलेली, हजारभर घरांची वस्ती. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेले कपडे राखाडी होऊन आत यायचे, आणि दर तिसऱ्या घरात कोणीतरी उशीला टेकून, बसूनच झोपायचं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला पंचफुलाच्या शेजारणीने विशाखाच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन केला.

"ताई, फुलामाय कसंतरी करून राहिली. सकाळपासून दम लागून राहिला होता, आता उगी झाली. पन उगी झाली ते बरं नाई वाटत."

"पट्टी कोणत्या रंगाची आहे?"

"हिरवी हाय. एकशे आठवर फोन केला तं म्हनते, पट्टी हिरवी हाय, थांबा."

विशाखाने लोमेशला, तिच्या गाडीच्या चालकाला, नुसती खूण केली. चार मिनिटांत ते दारात होते.

पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. वय अठ्ठावन्न. आयुष्यभर कोळसा निवडून काळी पडलेली नखं आता काळ्याच्याही पलीकडे, निळी दिसत होती. विशाखाने तिच्यासमोर गुडघे टेकले. "माय, नाव सांगा तुमचं." ही तिची जुनी सवय. एका श्वासात माणूस किती शब्द बोलतो, यावरून तिला जे कळायचं ते कुठल्याही यंत्राआधी कळायचं. पूर्ण वाक्य बोलला तर वेळ आहे. तीन-चार शब्दांनी थांबला तर घाई करायला हवी.

पंचफुलाने ओठ हलवले. एकही शब्द आला नाही.

विशाखाने छातीला स्टेथोस्कोप लावला. घरघर नव्हती. शिट्टी नव्हती. काहीच नव्हतं. दम्याची छाती वाजते तोवर तिच्यात हवा खेळत असते. ती मुकी झाली म्हणजे हवा जायचीच बंद झाली. मिनिटाला चौतीस असलेले श्वास अठरावर आले होते ते आराम पडला म्हणून नव्हे, बाई थकली म्हणून. आणि पट्टी त्याच अठराकडे बघून हिरवी झाली होती.

मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मास्कमधून प्राणवायू आणि औषधाची वाफ, मग स्ट्रेचर, मग गाडी. वाटेत पंचफुलाची मान कलली. विशाखाने अंबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, घेतली आणि दाबायला लागली. दाबायचं सावकाश, कारण अशा छातीत हवा शिरते पण निघत नाही; घाईने दाबणारा माणूस रोग्याला फुगवून मारतो. सहा सेकंदांनी एकदा. ती मोजत राहिली. रुग्णालयाच्या फाटकाशी हृदय थांबलं, ते पुन्हा सुरू झालं नाही.

डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. विशाखा मात्र पट्टीकडे पाहत होती. हृदय थांबल्यावर ती लाल झाली होती.

*

"अठरा श्वासांना तुमचं यंत्र हिरवं कसं होतं, एवढंच सांगा मला."

श्वासवेधच्या नियंत्रण कक्षात, काचेच्या भिंतीमागच्या खोलीत, डॉ. इरावती सप्रे बसल्या होत्या. श्वसनशास्त्रातलं मोठं नाव. पुण्याहून या कामासाठी येऊन पिपरडोहमध्येच राहिलेल्या. पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले. विशाखा परवानगी न घेता आत आली होती, तरी त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पंचफुलाची शेवटच्या दोन तासांची नोंद भिंतीवर उघडली.

"नऊ वाजता श्वास चौतीस, घरघर मोठी," त्या म्हणाल्या. "सव्वादहापर्यंत श्वास उतरत अठरावर, घरघर शून्य. यंत्राने काढलेला निष्कर्ष: झटका ओसरतोय."

"नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल, की घरघर गेली आणि माणूस पेंगायला लागला म्हणजे ओसरत नाही, बुडतोय."

"यंत्रही सांगतं." सप्रेंनी दुसरी नोंद उघडली. "हा टिळक चौकातला रोगी, मागच्या महिन्यातला. हेच आकडे. चौतीस, मग अठरा, घरघर बंद. पट्टी वीस मिनिटं आधीच लाल झाली. तो वाचला."

दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले असते तर एकच रेघ दिसली असती.

"मग टिळक चौकात जे कळतं ते राखटेकडीत का कळत नाही?"

सप्रेंनी दोन्ही आलेख मिटले. "कारण यंत्र वस्तीवस्तीने शिकतं. पहिल्या सहा महिन्यांत त्याने सगळ्या शहराला एकच माप लावलं होतं. आठवतं? दिवसाला दोनशे लाल पट्ट्या. गाड्या धावून थकल्या आणि खरे रोगी मागे राहिले. राखटेकडीत तर धडधाकट माणूसही मिनिटाला चोवीस श्वास घेतो. म्हणून आम्ही यंत्राला सांगितलं, प्रत्येक वस्तीचं 'नेहमीचं' काय आहे ते तू शीक. लाल पट्टीवरून असो की फोनवरून, गाडी गेली, रोगी रुग्णालयात दाखल झाला, तर फेरी योग्य. दाखल झाला नाही, तर अनावश्यक. योग्य फेऱ्यांत जी लक्षणं दिसतात त्यांना घाबरायचं. अनावश्यक फेऱ्यांत जी दिसतात ती त्या वस्तीचं रोजचं जगणं समजायचं."

"आणि राखटेकडीत?"

"राखटेकडीत त्याने पुन्हा पुन्हा हेच पाहिलं आहे: श्वास चौतीसवर जातात, गाडी पोचते, अर्ध्या तासात श्वास अठरावर येतात, घरघर थांबते, आणि रोगी घरीच राहतो. शेकडो वेळा. त्यावरून ते शिकलं की इथल्या लोकांचा दम लागतो आणि आपोआप बसतो."

"आपोआप?" विशाखाचा आवाज चढला. "आपोआप कोणाचा बसतो, मॅडम? मी वाफ देते. मी त्यांना बसवून, ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायला लावते, पाठीला उशा लावते, इंजेक्शन देते, तासभर त्यांच्यापाशी—"

ती थांबली.

सप्रेंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या हलक्या हाताने पडद्यावर काहीतरी शोधत होत्या आणि त्यांना ते सापडू नये असं वाटत असावं.

"उपचारांची नोंद तुम्ही तुमच्या अर्जावर भरता," त्या म्हणाल्या. "ती यंत्राकडे जोडायचं काम दुसऱ्या टप्प्यात होतं. दुसरा टप्पा झाला नाही. त्यामुळे यंत्राला वाफ दिसत नाही. त्याला फक्त आधीचे आकडे दिसतात, नंतरचे आकडे दिसतात, आणि शेवटी रोगी दाखल झाला की नाही ते दिसतं."

पडद्यावर ओळी आल्या. राखटेकडी: तीन वर्षांत नऊशे चौदा फेऱ्या. त्यांतल्या आठशे एकसष्ट अनावश्यक. प्रत्येक ओळीच्या शेवटी कर्मचारी क्रमांक होता. वरपासून खालपर्यंत एकच.

विशाखाने तो क्रमांक वाचला. मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहायची तिला गरज पडली नाही.

"टिळक चौकात कोण असतं?" तिने विचारलं.

"ढोके."

सुधाकर ढोके. त्याला ती मनातल्या मनात हमाल म्हणायची. रोग्याच्या नाकाला प्राणवायूची नळी लावायची, उचलायचं, गाडीत टाकायचं आणि भोंगा वाजवत रुग्णालयात नेऊन ओतायचं, एवढंच त्याचं काम. वाफेचं यंत्र त्याच्या गाडीत वर्षभर बंद पडलं होतं, त्याने तक्रारसुद्धा केली नव्हती. त्याचे रोगी रुग्णालयात पोचायचे ते जसेच्या तसे, धापा टाकत. दाखल व्हायचे. फेरी योग्य. त्याच्या वस्तीतलं यंत्र तीन वर्षांत इतकं तल्लख झालं होतं की माणूस थकायच्या अठरा-वीस मिनिटं आधी हाक द्यायचं.

"राखटेकडीत किती आधी देतं?"

"सरासरी दोन मिनिटं."

राखटेकडीच्या नाक्यावरून वस्तीत पोचायला चार मिनिटं लागत.

*

त्यानंतर विशाखाने एकामागून एक जे जे सुचवलं, त्या प्रत्येकाचं उत्तर सप्रेंकडे होतं, आणि ते उत्तर देताना त्यांना आनंद होत नव्हता.

त्या नोंदी पुसून टाका? पुसता येतील, पण कोणत्या? आठशे एकसष्टांत काही फेऱ्या खरोखर अनावश्यक होत्या, काहींत विशाखाने माणूस मरणाच्या दारातून ओढून काढला होता, आणि यंत्राच्या वहीत दोघांची ओळ सारखीच होती. अर्जावरचे उपचारांचे तपशील नव्वद दिवसांनी नष्ट होत.

वस्तीचं माप हाताने बदला? ती सोय होती. पण पहिल्याच वर्षी तीन नगरसेवकांनी आपापल्या वॉर्डाला आधी गाडी मिळावी म्हणून दबाव आणला, तेव्हा सप्रेंनीच ती कायमची बंद करून घेतली होती.

उपचारांची नोंद यंत्राला जोडा? अर्ज आजच करते, सप्रे म्हणाल्या. प्रमाणित वैद्यकीय साधनात बदल, म्हणजे तपासणी, चाचणी, मंजुरी. चौदा महिने.

"मग लोकांना सांगते, पट्ट्या काढून टाका. नुसता फोन करा."

"पट्टी नसेल तर फोनवरच्या माणसाला त्याच्या वस्तीची सरासरी लावली जाते."

विशाखा हसली. ते हसू सप्रेंना सहन झालं नसावं, कारण त्या उठून खिडकीशी गेल्या.

"एकच रस्ता आहे," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "यंत्र ज्यातून हे शिकलं त्यातूनच उलटं शिकेल. राखटेकडीतले रोगी दाखल व्हायला हवेत. नव्या नोंदींना जुन्यांपेक्षा जास्त वजन असतं. दीडशे योग्य फेऱ्या सलग झाल्या तर यंत्र दहा मिनिटं आधी तरी हाक द्यायला लागेल."

"दाखल व्हायला रोगी तिथे पोचल्यावरही वाईट असायला हवा."

"हो."

"म्हणजे मी वाटेत काही करायचं नाही."

सप्रे वळल्या. "मी असं म्हटलेलं नाही, विशाखाताई. मी डॉक्टर आहे. मी असं कोणाला सांगू शकत नाही."

"नाही, तुम्ही नाही सांगितलं," विशाखा म्हणाली. "मला एक द्या फक्त. राखटेकडीचा तो आकडा, किती मिनिटं आधी हाक देतं तो, माझ्या गाडीतल्या पडद्यावर दिसला पाहिजे."

तो सप्रेंनी तिला दिला.

*

नियंत्रण कक्षाकडून काम नसेल तेव्हा वस्तीत गस्त घालायची परवानगी विशाखाने मागून घेतली. पट्ट्या बोलत नव्हत्या, तर माणसांना बोलतं करायचं. तिने आपला नंबर दारोदार दिला. पंचफुलाच्या घरापुढून जाताना तिची शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, तुमी तं लवकर आल्या होत्या. तुमचा काय दोष?" विशाखाने मान हलवली आणि पुढे गेली.

पाचव्या दिवशी दुपारी तुळशीराम कुमरेच्या बायकोचा फोन आला. तुळशीराम सत्तरीचा, राखेचे टिप्पर भरण्यात उमर गेलेला. विशाखा पोचली तेव्हा तो खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसला होता. गळ्याच्या खळगीत दर श्वासाला खड्डा पडत होता. पट्टी हिरवी.

"बाबा, नाव सांगा."

"तुळशीराम बकाराम... कुमरे, राहनार राखटेकडी—" आणि दम.

दोन शब्द, मग तीन. घाई हवी होती, पण थोडा वेळ अजून होता. रुग्णालय अकरा मिनिटांवर. प्राणवायू लावला तर अकरा मिनिटं तो काढेल, हे तिला सोळा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. वाफ दिली तर पाच मिनिटांत खुलेल आणि दाखल होणार नाही, हेही ठाऊक होतं.

तिने मास्क लावला. प्राणवायू सोडला. वाफेचं यंत्र कपाटात तसंच राहू दिलं.

गाडी निघाली. तुळशीरामची बायको, गिरजाबाई, त्याचे पाय धरून बसली होती. लोमेशने आरशातून मागे पाहिलं. तो दहा वर्षं विशाखासोबत होता आणि तिच्या हातांचा क्रम त्याला पाठ होता.

"ताई, औषध?"

"चालव तू."

त्याने गाडीचा वेग वाढवला. विशाखा घड्याळाकडे, मग तुळशीरामच्या मानेकडे, मग पुन्हा घड्याळाकडे पाहत होती. दोन मिनिटं. तीन. एकशे पन्नासपैकी एक, ती स्वतःशी म्हणाली. हा माणूस मरणार नाही. याला फक्त आठ मिनिटं जास्त त्रास होईल, आणि त्या आठ मिनिटांवर पुढे कोणीतरी जगेल. हिशेब बरोबर होता. त्यात कुठेही चूक काढता येत नव्हती.

तुळशीरामने मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं. गिरजाबाई घाबरून त्याच्या तोंडाजवळ वाकली. त्याने तिच्या हातावर थोपटलं आणि विशाखाकडे बोट केलं. "ताई... हाय ना," तो म्हणाला.

खाण फाट्याला कोळशाच्या ट्रकांची रांग रस्ता अडवून उभी होती. लोमेशने भोंगा वाजवला, कोणी हललं नाही. पाच मिनिटं. सहा. "बाबा, नाव सांगा," विशाखा म्हणाली.

"तुळशी—"

एक शब्द. तोही अर्धा. खांदे दर श्वासाला वर येत होते आणि कपाळावरचा घाम गालावर उतरला होता. म्हातारा तिच्याकडे टक लावून पाहत होता, आणि त्या नजरेत तक्रार नव्हती. तो वाट पाहत होता. ताई काहीतरी करतेच, आता करेल, एवढंच त्यात होतं.

विशाखाने कपाट उघडलं. औषधाची कुपी मोडली. वाफ मास्कमध्ये भरली. "ओठ असे करा, बाबा. हळू सोडा. घाई नाही. हळू." तिने त्याची पाठ सरळ केली, खांदे खाली दाबले, त्याच्याबरोबर स्वतः श्वास सोडत राहिली. ट्रक हलले. फाटकाशी पोचेपर्यंत तुळशीराम लोमेशला त्याचं गाव विचारत होता.

तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने छाती तपासली, बोटाला ऑक्सिमीटर लावला. "त्र्याण्णव. छान आहे. तुम्ही वाटेतच सगळं केलंत, मॅडम. खाटा भरल्यात, घरी न्या. उद्या बाह्यरुग्ण विभागात आणा."

"ठेवून घ्या ना, सर," विशाखा म्हणाली. "एक रात्र."

"कशासाठी? हे बोलतायत, चालतायत." तो पुढच्या रोग्याकडे वळला.

गाडीतल्या पडद्यावर नवी ओळ उमटली. राखटेकडी, फेरी नऊशे सव्वीस, अनावश्यक. तिच्या खाली, सप्रेंनी दिलेल्या चौकटीतला आकडा बदलला. दोन मिनिटांचं एक मिनिट चोपन्न सेकंद झालं.

तुळशीराम स्वतःच्या पायांनी गाडीत चढला. गिरजाबाई मात्र खालीच थांबली. तिने विशाखाचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला.

"दुसरं कोनी असतं तं माहा मानूस गेला असता," ती म्हणाली. "तुमच्या हाताले गुन हाय, ताई. देव करो आन तुमीच रोज आमच्या वस्तीत याव्या."

विशाखाने हात सोडवून घेतला, दार लावलं, आणि लोमेशला गाडी राखटेकडीकडे घ्यायला सांगितलं.